अठ्ठावीस जॅकेटं आणि मुद्दा क्रमांक सतरा

कटिंग टेबलावर अठ्ठावीस जॅकेटं होती आणि ती सगळी पुरुषांची होती. घालणाऱ्या अठ्ठावीस बायका होत्या.

हे ज्यांच्या लक्षात आलं ते हॉटेलचे मॅनेजर राठोडसाहेब एक जॅकेट दोन बोटांत धरून उभे होते, मांजराचं पिल्लू मानेला धरून उचलतात तसं. मंगळवार, दुपारचे साडेतीन. माल शुक्रवारी सकाळी पोचवायचा होता.

"भंडारीजी," ते आमच्या मालकांना म्हणाले, "माझ्या रिसेप्शनवर मुली बसतात की जवान?"

भंडारीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या कटिंग मास्टरकडे, इस्माईल मास्टरजींकडे पाहिलं. मास्टरजींनी कानावरचा खडू काढून खिशात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "गलती हो गई, साहेब. माझीच."

आधी मी कोण ते सांगते. माहेर सांगली, सासर मिरज. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून तीन वर्षांसाठी जयपूरला आलो, त्याला चौदा वर्षं झाली. राहतो दुर्गापुऱ्यात. मालवीय नगरच्या एका मागच्या गल्लीत युनिफॉर्म शिवणारं एकोणीस मशीनचं युनिट आहे, तिथे मी प्रॉडक्शन आणि क्वालिटी बघते. शाळा, दवाखाने, हॉटेलं यांचे कपडे आम्ही शिवतो. मी स्वतः शिवत नाही. मी याद्या करते. कापड आलं का, रंग जुळला का, शिलाई इंचात किती टाक्यांची, कॉलर दोन्हीकडे सारखी आहे का. प्रत्येक ऑर्डरला एक्केचाळीस मुद्द्यांची एक चेकलिस्ट असते. ती मी बनवली आहे. नवरा म्हणतो, माझ्याकडे याद्यांचीही यादी असेल. आहे.

आता बटणांचं. तुमच्या कपाटातला पुरुषाचा कोणताही शर्ट काढा. घालणाऱ्याच्या उजव्या हाताच्या बाजूला बटणं असतात, डाव्या बाजूला काजं. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ते शिवलेलं भोक. म्हणजे शर्ट लावला की डावी पट्टी वर येते. बायकांच्या शर्टात नेमकं उलट. बटणं डावीकडे, काजं उजवीकडे, उजवी पट्टी वर. पुढून उघडणाऱ्या ब्लाऊजची हुकपट्टीही बहुतेक तशीच उजवीकडून डावीवर येते. आपण रोज कपडे घालतो, पण विचारलं तर शंभरातल्या नव्वदांना आरशासमोर जाऊन बघावं लागतं. राठोडसाहेब उरलेल्या दहांतले निघाले, हे आमचं नशीब.

ऑर्डर आमेरच्या वाटेवरच्या एका हॉटेलची होती. फ्रंट ऑफिसच्या मुलींसाठी बंदगळा जॅकेटं, म्हणजे उभ्या कॉलरची, गळ्यापर्यंत बटणं लावायची. कुर्त्यावर घालायची. लाल कापडावर हाताने छापलेली बारीक बुटी आणि वरच्या पट्टीला कडेने सोनेरी पायपिंग, म्हणजे बारीक गोट. शनिवारी हॉटेलच्या हेड ऑफिसची माणसं पाहणीला येणार होती. त्यांना जॅकेटं पसंत पडली तर सगळ्या स्टाफचे कपडे आमच्याकडे येणार होते.

पण मला त्या दुपारी ऑर्डरपेक्षा मास्टरजींची काळजी वाटत होती. मास्टरजी त्रेसष्ट वर्षांचे. पैकी चाळीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभे. महिन्याभरापूर्वी भंडारीजींनी पॅटर्न काढणाऱ्या कॉम्प्युटरचा डेमो पाहिला होता आणि तेव्हापासून ते मास्टरजींशी फार आदराने बोलत होते. मालक आदराने बोलायला लागला की माणसाने सावध व्हावं. "ही हॉटेलची ऑर्डर होऊ द्या, मग मास्टरजींना आराम देऊ," असं ते मला दोनदा म्हणाले होते. आता त्यांना निमित्त मिळालं होतं, तेही गिऱ्हाइकासमोर.

"चहा घेऊ," भंडारीजी म्हणाले. त्यांच्याकडे प्रत्येक संकटाची पहिली पायरी चहा असते.

केबिनमध्ये राठोडसाहेबांनी आम्हाला हा नियम का आहे ते समजावलं. ते हॉटेलात दोन महिन्यांपूर्वीच मॅनेजर म्हणून आले होते. मिशा जुन्या होत्या.

"तलवार," ते म्हणाले. "तलवार डाव्या कमरेला. उपसायची उजव्या हाताने. मूठ कपड्यात अडकता कामा नये, म्हणून पुरुषाची डावी पट्टी वर. बाईला तलवार नाही, म्हणून तिची उजवी वर."

"आमच्यात वेगळं सांगतात," भंडारीजी म्हणाले. "आई मूल डाव्या हातावर घेते. उजवा हात मोकळा. त्या हाताने उघडायला सोपं पडावं म्हणून."

मास्टरजी दारात उभे होते. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "माझे उस्ताद सांगायचे, मोठ्या घरच्या बायका स्वतः कपडे घालत नसत. दासी समोर उभी राहून बटणं लावायची. समोरच्या माणसाच्या उजव्या हाताला सोपं, म्हणून उलटं."

"पण दासी तर राजालाही कपडे घालायच्या," भंडारीजी म्हणाले.

"राजा स्वतः घालत असे," राठोडसाहेब म्हणाले.

"तुमच्या घरात, हुकम?" मास्टरजींनी, इथे राजपुतांना लावतात ते संबोधन लावून, अतिशय नम्रपणे विचारलं. राठोडसाहेबांनी चहाचा घोट घेतला.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की खरं कारण नक्की कोणालाच माहीत नाही. मी या तिन्ही गोष्टी इतकी वर्षं ऐकतेय, आणि सांगणारा प्रत्येक जण तिथे हजर असल्यासारखा सांगतो. आमच्या धंद्यात "का" विचारत नाहीत, "कुठल्या बाजूला" विचारतात. आणि ते मी विचारलं नव्हतं. पण हे मला तोवर कळलं नव्हतं.

"शुक्रवारी मला लेडीज जॅकेट पाहिजे," राठोडसाहेब उठताना म्हणाले. "नाहीतर मुली जुनीच घालतील आणि आपला हिशेब संपला."

ते गेल्यावर मी कागद घेतला आणि काय काय करता येईल ते लिहिलं. पहिला उपाय, बटणं इकडची तिकडे करणं. सामान्य माणसाला हे सोपं वाटतं. बटण उसवून दुसरीकडे लावता येतं, काज नाही. काज कापलेलं असतं. ते बुजवलं तर टाके घातलेल्या जखमेसारखं दिसतं. शिवाय पायपिंग फक्त वरच्या पट्टीला होतं. ती पट्टी खाली गेली की अख्खा पुढचा भाग उसवून पुन्हा शिवायचा. अडीच दिवसांत अठ्ठावीस, अशक्य. दुसरा उपाय, नवे पुढचे भाग कापणं. पण कापड छापून, उन्हात वाळवून, धुऊन यायला बारा दिवस. शिल्लक कापडात जेमतेम एक जॅकेट निघत होतं. तिसरा उपाय, राठोडसाहेबांचं मन वळवणं. त्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं आणि ऑर्डरची फाइल उघडली.

फाइलमध्ये माझी चेकलिस्ट होती. मुद्दा क्रमांक सतरा: पुढची पट्टी, कोणती वर. त्यापुढे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, "सॅम्पलप्रमाणे." आणि टिक.

आमच्या धंद्यात सॅम्पल म्हणजे देव. गिऱ्हाइकाने जो नमुन्याचा कपडा दिला त्याच्यासारखं शिवायचं, अक्कल चालवायची नाही. हॉटेलने रिसेप्शनच्या मुलीचं अंगातलं जॅकेट नमुना म्हणून पाठवलं होतं. ते मी कपाटातून काढलं. आत कॉलरखाली लेबल होतं, अर्धं कापलेलं. उरलेल्या अर्ध्यावर "बेल बॉय, ३८" एवढं वाचता येत होतं. दोन्ही कुशींना नंतर घातलेल्या टिपा होत्या. सामान उचलणाऱ्या मुलांचं जॅकेट कमरेत आवळून मुलींना दिलं होतं.

मग मला आठवलं. कटिंगच्या आदल्या दिवशी मास्टरजी माझ्या टेबलाशी आले होते. "मॅडमजी, मर्दाना ठेवायचं ना?" त्यांनी विचारलं होतं. मी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले होते, "सॅम्पलसारखं म्हणजे सॅम्पलसारखं, मास्टरजी."

मी कटिंग टेबलाशी गेले.

"तुम्ही मला विचारलं होतं."

"विचारलं होतं," मास्टरजी म्हणाले. ते खडूला टोक करत होते.

"मग तिथे तुमची चूक का म्हणालात?"

"मॅडमजी, मला तसंही घरी पाठवणारच आहेत. दोघांनी कशाला जायचं. तुमची लिस्ट गेली तर इथे दोन बाह्या एका लांबीच्या कोण करणार?"

यात त्यांची दयाही असावी आणि चिमटाही. मला फक्त चिमटा लागला.

बुधवारी सकाळी भंडारीजी आल्या आल्या मी फाइल त्यांच्यासमोर ठेवली.

"चूक माझी आहे. मुद्दा सतरा. मास्टरजींनी विचारलं होतं, मी ऐकलं नाही."

त्यांनी फाइल वाचली. पुन्हा वाचली. "मॅडम, तुमची चूक होत नाही."

"झालीय. सही आहे खाली."

"पण मग," ते खरोखर गोंधळून म्हणाले, "कॉम्प्युटर कोणाच्या जागी आणू?"

"ते आपण शुक्रवारनंतर ठरवू. आज मास्टरजींना उरलेल्या कापडातून एक लेडीज जॅकेट कापू द्या. मला गुरुवारी हॉटेलात दोन्ही घेऊन जायचंय."

"आणि राठोडसाहेबांचं मन वळलं नाही तर?"

"तर माझ्या जागी आणा."

भंडारीजींनी चहा मागवला.

गुरुवारी अकरा वाजता मी आणि मास्टरजी हॉटेलात पोचलो. मास्टरजींनी स्वच्छ पांढरा कुर्ता घातला होता. हा कदाचित नोकरीतला शेवटचा फेरा, असं त्यांनी धरलं होतं. रस्त्यात फक्त एकदा म्हणाले, "काजं छान झाली होती पण, मॅडमजी."

लॉबीत राठोडसाहेब होते आणि कविता होती. कविता रिसेप्शनवरची सगळ्यात सीनियर मुलगी. नमुन्याला गेलेलं जॅकेट तिचंच होतं. मी तिला दोन्ही जॅकेटं दिली आणि घड्याळ काढलं.

आमचं मर्दाना जॅकेट तिने नऊ सेकंदांत लावलं. लावताना ती दारातून येणाऱ्या पाहुण्यांकडे बघून हसतही होती. मग आतल्या खिशातलं कार्ड त्यात ठेवून लेडीज. तिसऱ्या बटणाला ती थांबली, खाली बघितलं, पुन्हा सुरू केलं आणि शेवटी कॉलर एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली. एक काज चुकलं होतं. एकतीस सेकंद. मी लिहिलं.

"चार वर्षं तसं घालतेय, सर," ती म्हणाली. "आम्ही सगळ्याच. बस उतरायची, मागच्या गेटने चढ चढायचा, चालता चालता बटणं लावायची. हात आपोआप जातो."

"सवय बदलेल," राठोडसाहेब म्हणाले.

"शनिवारपर्यंत?" मी विचारलं.

"मॅडम, प्रश्न सवयीचा नाही. रीतीचा आहे. थांबा, तुम्हाला दाखवतो." ते दाराकडे वळले. "भँवरजी, जरा आत या."

भँवरजी म्हणजे हॉटेलचे दरवान. सहा फूट उंच, लाल साफा, गुडघ्यापर्यंत पांढरी अचकन, डाव्या कमरेला तलवार. येणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्यासोबत फोटो काढतो.

"यांना दाखवा. तलवार कशी उपसतात."

भँवरजी उभे राहिले.

"उपसा."

"निघत नाही, हुकम," भँवरजी म्हणाले.

"का?"

"म्यानात झाळून टाकलीय. पाहुण्यांची लेकरं ओढतात म्हणून. मी आलो तेव्हापासून तशीच आहे. सोळा वर्षं झाली."

कविता दुसरीकडे बघायला लागली. मी मात्र तलवारीकडे बघत नव्हते. मास्टरजीही नव्हते. आम्ही दोघं अचकनीकडे बघत होतो. इतक्या वर्षांच्या सवयीने नजर आधी बटणांवर जाते. भँवरजींची उजवी पट्टी वर होती.

मास्टरजींनी घसा खाकरला. "दरवानजी, ही शिवली कोणी?"

"आमच्या घरासमोर लेडीज टेलर आहे. चांगला माणूस आहे. माप घरी येऊन घेतो."

राठोडसाहेबांनी खाली पाहिलं. मग वर. ते दोन महिने रोज सकाळी या अचकनीचा सलाम घेत होते. अशा वेळी गप्प राहण्यासाठीच मला पगार मिळतो असं मी समजते.

तेवढ्यात रिसेप्शनवर फोन वाजला. कविताच्या अंगात अजून ते वाकडं लावलेलं लेडीज जॅकेट होतं. तिने डाव्या हाताने फोन उचलला, "जी सर, रूम उघडत नाही? मी येते," म्हणाली आणि उजवा हात जॅकेटच्या आत घालायला गेली. हात गेला नाही. बाहेरूनच छातीवर चापटी बसली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग फोन खांद्याला लावला, डावा हात मोकळा केला, दोन बटणं काढली आणि आतल्या खिशातून एक कार्ड ओढून काढलं. ती मास्टर की, सगळ्या खोल्या उघडणारी.

"थांब," मी म्हणाले. "दुसरं घाल. आता तेच कर."

तिने मर्दाना जॅकेट घातलं, कार्ड त्याच्या आतल्या खिशात ठेवलं. फोन डाव्या हातात. उजवा हात दोन बटणांच्या मधून, वरच्या डाव्या पट्टीखालून सरळ आत गेला आणि कार्ड घेऊन बाहेर आला. एकही बटण न काढता, एका झटक्यात.

"यासाठीच आम्हाला बेल बॉयचं जॅकेट आवडतं, सर," ती म्हणाली. "मुलींच्या कपड्यांना आधी खिसाच नसतो. हा आहे, तर हात जायला नको का? आणि किल्ली टेबलावर ठेवायची नाही, तो तुमचाच नियम."

आतला खिसा डाव्या छातीवर असतो. डावी पट्टी वर असेल तर तिची कड उजव्या हाताच्या दिशेला तोंड करून उभी असते. हात सरळ आत. उजवी पट्टी वर आली की वाट बंद. इतकी वर्षं मी जॅकेटं तपासतेय, खिसा कुठे ते लिहितेय, पट्टी कोणती वर ते लिहितेय. हे दोन मुद्दे एकमेकांशी बोलतात, हे माझ्या यादीत नव्हतं.

राठोडसाहेब कविताच्या हाताकडे बघत होते.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले.

तिने पुन्हा दाखवलं. डावी बाजू, उजवा हात, सप्पकन बाहेर.

"हं," ते म्हणाले. मिशीवरून बोट फिरवलं. "भंडारीजींना सांगा, मी बरोबर होतो."

"कशाबद्दल, साहेब?"

"तलवारीबद्दल. हिची तलवार ती आहे." त्यांनी कार्डाकडे बोट केलं. "जिला तलवार, तिची डावी पट्टी वर. शुक्रवारी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पाठवा. हेड ऑफिसने विचारलं तर मी सांगेन."

मास्टरजींनी कानावरचा खडू चाचपला. तो तिथे नव्हता, कुर्ता बदलताना घरी राहिला होता. पण हात जाऊन आला.

"आणि मास्टरजी," राठोडसाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "भँवरजींचं माप घ्या. अचकन नवीन. मर्दाना. मी सांगितलंय म्हणून कुठे बोलू नका."

शुक्रवारी माल पोचला. शनिवारी हेड ऑफिसच्या बाई आल्या, त्यांनी पायपिंगचं कौतुक केलं आणि खिसा बघून विचारलं की असं जॅकेट त्यांना स्वतःला मिळेल का. कोणती पट्टी वर आहे ते त्यांनी पाहिलंही नाही. राठोडसाहेबांनी तलवारीचं भाषण तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. पुढच्या आठवड्यात बाकी स्टाफची ऑर्डर आली. तिच्यात एक ओळ होती: कटिंग याच मास्टरजींनी करावं.

भंडारीजींनी ती ओळ दोनदा वाचली. कॉम्प्युटर आला, पण मास्टरजींच्या शेजारी आला. मास्टरजी पॅटर्न कागदावर काढतात, मग कॉम्प्युटरला देतात. "याला अजून शिकायचंय," असं म्हणतात. आदराने म्हणतात.

नवी अचकन पोचून दहा दिवस झाले असतील, भँवरजींचा फोन आला.

"मॅडमजी, अचकन सुंदर आहे. पण बटणं लागत नाहीत. इतकी वर्षं उलटी सवय. सकाळी घरवाली समोर उभी राहून लावून देते."

"मग ठीक आहे की."

"ठीक कुठे. ती म्हणते, तिच्या हाताला उलटं पडतं. जुनी होती ती तिला सोपी गेली असती."

मी हे मास्टरजींना सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. "समोरच्या माणसाला लेडीज सोपं," ते म्हणाले. "उस्ताद हेच सांगायचे. त्या दिवशी केबिनमध्ये मला कोणी बसायलाही सांगितलं नाही."

मुद्दा क्रमांक सतरा मी आता बदलला आहे. "सॅम्पलप्रमाणे" हा शब्द खोडला. त्या जागी तीन ओळी आहेत. कोण घालणार. खिशात काय ठेवणार. कोणता हात जाणार. आणि सगळ्यात वर, पहिल्या मुद्द्याच्याही आधी, शून्य क्रमांक देऊन एक नवा मुद्दा घातला आहे: मास्टरजी टेबलाशी येऊन काही विचारू लागले, तर पेन खाली ठेवणे.